इन्स्टॉल झालाय ना? मग हिरवा कर!

शनिवारी रात्री बारा पन्नासला सरांचा फोन. "अरे, आजचा सर्व्हरचा रीबूट राहू दे. सोमवारी क्लायंटचा डेमो आहे, रिस्क नको."

मंगळवारीच मेलवर परवानगी घेतली होती. एक ते चारची विंडो, म्हणजे सर्व्हर थांबवून काम करायला दिलेली वेळ. बॅकअप घेऊन झाला, नवा कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, टाकून झाला, फक्त रीबूट मारायचा बाकी. आणि हे सांगायला शेवटची लोकल जाईपर्यंत थांबले! लोअर परळच्या त्या थंडगार ऑफिसात तीन खुर्च्या जोडून पडलो आणि पहाटे करी रोडवरून डोंबिवली गाठली.

त्याचंही एक वेळ सोडा. डोकं फिरलं ते सोमवारी. ऑडिटच्या शीटमध्ये त्या सर्व्हरसमोर मी 'पेंडिंग' लिहून सेल लाल केला होता. सर म्हणतात, "लाल कशाला? पॅकेज इन्स्टॉल झालंय ना? मग इन्स्टॉल्ड लिही, हिरवा कर."

इन्स्टॉल झालंय! डिस्कवर पडलंय! मेमरीत जुनाच कर्नल चालू आहे, यूनेम ही चालू कर्नलचा आकडा दाखवणारी कमांड मारली की तोच जुना आकडा समोर येतो. गोळ्या आणून फ्रिजवर ठेवल्या म्हणजे ताप उतरतो का? मी नाही केला हिरवा. अर्ध्या तासाने शीट उघडली तर सेल हिरवा. आणि 'जबाबदार व्यक्ती'च्या कॉलममध्ये नाव कोणाचं? माझं!

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधलं सुरक्षेचं भोक बुजवणारा कोड. तो जाहीर होतो त्याच दिवशी भोक कुठे आहे तेही जगजाहीर होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की ज्याला कळायचं त्याला कळतं. डर्टी काऊ नावाचं भोक २००७ पासून लिनक्समध्ये होतं, २०१६ ला बुजवलं. साधं लॉगिन असलेला कुणीही रूट, म्हणजे अख्ख्या मशीनचा मालक, होऊ शकत होता. २०२२ मध्ये डर्टी पाइप हे दुसरं भोक समोर आलं, नुसती वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहिता येत होतं. तेव्हाही आमची विंडो तीनदा पुढे ढकलली. विंडोजवाल्यांनीही हसू नये. २०१७ ला मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चला आला, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मेला. जवळपास दोन महिने हातात होते! त्याच भोकाचाही वापर करत २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस पसरला, तेव्हा खाडीपलीकडे न्हावा शेवाला एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तरी आमच्याकडे "चालू आहे ना, मग हात लावू नकोस."

रीबूट नको तर लाइव्ह पॅचिंग घ्या म्हटलं, निदान बरीचशी भोकं चालू मशीनवर बुजतील. बजेट नाही. अपटाइमचे, म्हणजे रीबूट न करता सलग चालण्याचे, ५०० दिवस झाले तेव्हा केकला मात्र बजेट होतं! ५०० दिवस म्हणजे ५०० दिवस तोच कर्नल चालतोय, हे जीव तोडून सांगत होतो, तर हातात केकचा तुकडा दिला.

रविवारी मेगाब्लॉक असतो. शिव्या घालतो आपण, पण रुळांवर काम करायचं तर गाड्या थांबणार हे शाळकरी पोरालाही कळतं. मला दहा मिनिटं मिळत नाहीत.

आज परत मेल टाकलाय. येत्या शनिवारी, एक ते चार. सगळ्यांना सीसीत घेतलंय, यूनेमचा स्क्रीनशॉट जोडलाय. आणि तो सेल पुन्हा लाल केलाय.