काका, दाबा की जरा!

"काका, दाबा की जरा!" गेल्या सहा वर्षांत हे वाक्य मी कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत प्रत्येक टोलला, सिग्नलला, पेट्रोल पंपावर ऐकलंय. शेजारी एक स्विफ्ट नाहीतर पोलो येऊन थांबते, काच खाली, पुढच्या सीटवरच्या पोराचा मोबाईलवाला हात बाहेर, मागं तिघं-चौघं एकमेकांच्या अंगावर, आणि ड्रायव्हर न्यूट्रलला रेस देत माझ्याकडं बघत असतो. बहुतेक सगळी अठरा ते बावीस वयाची, काही तर बघूनच कळतं की अठराची पण नाहीत.

माझ्याकडं सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-४ आहे. दोन सीटची, टप उघडणारी, सहा सिलिंडर, ३०६ हॉर्सपॉवर. बेळगावात उद्यमबागेत चोवीस वर्षं फौंड्री चालवल्यावर पन्नाशीच्या तोंडावर घेतली, पुण्याहून स्वतः चालवत आणली. लहानपणापासून अशी गाडी हवी होती म्हणून घेतली, बाकी काही कारण नाही. पण ती घेतल्यापासून या पोरांशी जो संबंध आलाय त्याबद्दल खूप दिवस लिहायचं होतं, आज लिहितोय, थोडं लांब होईल.

गावात फारसं काही होत नाही. काँग्रेस रोडला, तिसऱ्या गेटला, गोवावेसला एवढी गर्दी की चाळीसच्या वर कुणी जाऊच शकत नाही. फटाका सायलेन्सरवाले बुलेटवाले शेजारून आवाज काढत जातात, एखादा अंगठा दाखवतो, एखादा "काका कितीला पडली ओ?" म्हणून विचारतो, आणि मला ते मनापासून आवडतं कारण त्या वयात मी पण कॅम्पात उभ्या असलेल्या एका परदेशी गाडीभोवती तासभर फिरलेलो आहे. खरा प्रश्न हायवेला आणि घाटात. मागून येऊन बंपरला खेटायचं, अपर-डिपर मारत राहायचं, आपण साईड दिली की पुढं जायचं नाही, शेजारी समांतर चालवत रेस द्यायची, मग सर्व्हिस रोडनं डावीकडून पुढं काढून समोर ब्रेक मारायचा, आणि हे सगळं रीलसाठी शूट होत असतं. त्यात नंबर प्लेटची भानगड वेगळीच. बेळगावच्या केए २२ ला कोल्हापूरची एमएच ०९ दिसली की चढतं, एमएच ०९ ला चिक्कोडीची केए २३ दिसली की चढतं, आणि गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटात गोव्याची प्लेट दिसली तर सगळ्यांनाच चढतं. चोर्ल्यात वळणापलीकडं काय येतंय ते दिसत नाही, पावसाळ्यात धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, तिथं पण आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करून दाखवतात.

आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर यावर एकच सूर असतो. कार्टी वाया गेलीत, बापाचा पैसा, पोलिसांनी उचलायला पाहिजे. हे मला पटत नाही. पोलिसांनी उचलायला पाहिजे हे पटतं, बाकीचं नाही. कारण शर्यत एकट्यानं होत नाही. त्या पोरानं रेस दिली आणि समोरच्यानं उत्तर दिलं की मगच ती शर्यत होते, आणि उत्तर देणारे बहुतेक वेळा आम्हीच असतो, चाळीस-पन्नास वयाचे, घरदार कारखाना असलेले लोक. हे मी दुसऱ्याबद्दल सांगत नाही. मी स्वतः केलंय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारी महिना, संध्याकाळी सातच्या सुमाराला मी कोल्हापूरहून परत येत होतो. हत्तरगी टोलपासून एक पांढरी जुनी स्विफ्ट मागं लागलेली. वंटमुरी घाट चढून वर येईपर्यंत मी काही केलं नाही, पण वर सरळ रस्ता लागला, तो शेजारी आला, रेस दिली, पोरं ओरडली, आणि मी दाबली. मोजून पाच-सहा सेकंद. आरशात त्याचे दिवे बारीक झाले आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. माझा काटा १३० च्या पुढं होता, जिथं चारपदरी रस्त्याला कायद्यानं १०० ची मर्यादा आहे.

आता जानेवारी म्हणजे आपल्याकडं ऐन सीझन. काकतीच्या अलीकडं एक उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलरवाला, मागं एकही लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दुसऱ्या ट्रॅक्टरला ओलांडायला म्हणून उजव्या लेनमध्ये आला. वीसचा स्पीड असेल त्याचा. मी ब्रेक मारला. माझी गाडी थांबली, सरळ रेषेत थांबली, कारण तिचे ब्रेक आणि टायर त्यासाठीच बनवलेत. मागून ती स्विफ्ट मला गाठायला फुल्ल दाबून येत होती. त्या पोरानं पण ब्रेक मारला. तिचं नाक खाली गेलं, मागचा भाग डावीकडं उजवीकडं फिरायला लागला, माझ्या डावीकडून ती गेली, दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागनं रस्ता सोडून मातीत उतरली आणि आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. याचं श्रेय कुणाचंच नाही, तिथं खड्डा नव्हता आणि झाड नव्हतं एवढंच.

मी पळत गेलो. चौघं होते. एकजण उतरून रस्त्याकडेला ओकत होता. ड्रायव्हर पोरगा सतरा वर्षांचा असेल नसेल, स्टेअरिंग सोडेना, हात थरथरत होते, आणि माझ्याकडं बघून पहिलं वाक्य काय बोलला तर, "काका, घरात सांगू नका."

मला त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. तरी त्याला वाटलं की हा मोठा माणूस घरात सांगणार. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी ज्याच्याबरोबर शर्यत लावली तो माणूस त्याच्या लेखी काकाच होता, मोठाच होता, आणि त्या मोठ्यानं काय केलं तर दाबली. ते वाक्य चार वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी मी त्याला एक शब्द रागवू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली ती वास. त्या स्विफ्टच्या पुढच्या चाकांतून जळक्या ब्रेक पॅडचा आणि तापलेल्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वास येत होता. हा वास माझ्या धंद्यातला आहे. आमच्या फौंड्रीत ब्रेक ड्रम आणि डिस्कच ओततात, आयुष्य त्यात गेलं, म्हणून पुढचं जरा बारकाईनं सांगतो, गाडी चालवणाऱ्या प्रत्येक पोरानं वाचावं.

ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलायचं यंत्र. गाडीत जेवढी गती साठलीय ती सगळी त्या बिडाच्या थाळीत, म्हणजे डिस्कमध्ये, जाते. डिस्क साध्या ग्रे आयर्नची, म्हणजे साध्या बिडाची, का करतात, तर त्यात ग्रॅफाईटच्या पाकळ्या असतात आणि त्या उष्णता पटकन पसरवतात. पण पसरवायला पण मर्यादा आहे. वेग ६० चा १२० केला तर उष्णता दुप्पट नाही होत, चौपट होते. साधा हिशोब बघा, बारीकसारीक फरक सोडून, चांगल्या कोरड्या रस्त्यावर ६० ला ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते, १२० ला ८० मीटर लागतात. आणि हे ब्रेक लागल्यावर. त्याच्या आधी डोळ्याला दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १२० ला तेवढ्यात ३३ मीटर गाडी पुढं गेलेली असते. रात्री डिपरवर ट्रॅक्टर दिसतो तेव्हा तेवढं अंतर शिल्लक असतं का, स्वतःच विचार करा.

आता ही पोरं पैसे कशात घालतात? सायलेन्सर, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), स्पॉयलर, काळ्या फिल्मा, म्युझिक. पळवायला सगळं, थांबवायला काही नाही. इंजिनची ताकद पंचवीस टक्क्यांनी वाढवली म्हणून खूश, पण डिस्क तीच, पॅड बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारे, टायर मागच्या मालकानं घातलेले. तवंदी घाटात चहाला थांबलो होतो तेव्हा निपाणीचा एक पोरगा पोलो घेऊन आला, घाटभर माझ्या मागं होता. मी त्याला हाक मारली, चहा सांगितला, बॉनेट उघडून माझं इंजिन दाखवलं. मग म्हटलं आता तुझी दाखव. टायरवर चार आकडे होते, ३११६. म्हटलं याचा अर्थ काय सांग. माहीत नव्हतं. २०१६ सालातल्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर बोटानं दाबलं तर दगडासारखं. नक्षीच्या खाचेत जी बारकी उंच पट्टी असते, १.६ मिलिमीटरची, तिच्यापर्यंत झिजलेला. ब्रेक फ्लुईड कधी बदललास विचारलं तर म्हणाला, "ते पण बदलतात होय काका?" बदलतात रे बाळा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षांत बदलावं लागतं, नाहीतर घाट उतरताना सारखे ब्रेक मारून तापलं की उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. रिमॅपला किती दिलेस म्हटलं तर आकडा ऐकून गप बसलो, त्यात चार टायर आणि चार पॅड येऊन वर पैसे उरले असते.

तासभर बसला तो पोरगा माझ्याजवळ. एवढे प्रश्न विचारले त्यानं की माझ्या अप्रेंटिसनी वर्षात विचारले नसतील. वाया गेलेलं पोरगं असं विचारत नाही. त्याला गाडीचं वेड आहे आणि त्याच्याशी गाडीबद्दल नीट बोलणारा एकही मोठा माणूस त्याला भेटलेला नाही. घरात ओरडतात, गॅरेजवाला बिल करतो, आणि मोबाईलवर २०० चा काटा दाखवणारे रील दिसतात.

ते २०० चे रील कोण टाकतंय? आम्हीच. आमच्यातले काही जण रविवारी सकाळी आठ-दहा गाड्या घेऊन नाश्त्याला म्हणून चोर्ल्याला नाहीतर आंबोलीला जातात, सगळे चांगले मित्र आहेत माझे, आणि परत आल्यावर स्टेटसला मीटरचा फोटो. हे थांबवा. हात जोडून सांगतोय. जांबोटीच्या चौकात उभी असलेली पोरं तुमच्या गाड्या बघून दुपारी तेच करायला बाहेर पडतात, त्यांच्याकडं फक्त तुमचे ब्रेक आणि तुमच्या एअरबॅग नसतात. काहीजण म्हणतात आम्ही कंट्रोलमध्ये चालवतो. मी पण त्या दिवशी कंट्रोलमध्येच होतो, माझी गाडी सरळच थांबली.

काकतीनंतर मी एकच नियम केलाय. मागून कुणी खेटलं की इंडिकेटर देऊन डाव्या लेनला यायचं, सत्तरवर यायचं, टप उघडा असेल तर हात वर करायचा. शेजारी येऊन रेस दिली तरी त्याच्याकडं बघून मान हलवायची आणि सत्तरच ठेवायचे. अर्ध्या मिनिटात कंटाळून जातात. एकदोघांनी शिवी दिली, "गाडी विक मग" म्हणाले. म्हणू देत.

आईबापांनाही एक सांगायचंय. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली आणि काही झालं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. रस्त्यावर शर्यत लावायला कलम १८९ वेगळं. पण माझ्या ओळखीतले बाप कौतुकानं सांगतात, आमचा चौदाव्या वर्षापासून चालवतो. याच्यात कौतुक कसलं?

आता शर्यतीची हौसच मारून टाका असं मी म्हणणार नाही, ती आपल्या मातीत आहे. यात्रेला बैलगाडा पळवायची शर्यत बघायला आपल्याकडं पंचक्रोशी लोटते. त्या शर्यती बंद होत्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूचे कायदे मान्य केले. तिथं मोकळं रान असतं, वेळ ठरलेली, पंच असतात, निशाण पडल्याशिवाय कुणी हलत नाही. बैलांना जे मिळालं ते या पोरांना का मिळू नये? मोठे ट्रॅक म्हणजे चेन्नई नाहीतर कोइमतूर, ते या पोरांच्या आवाक्यात नाहीत. पण कोल्हापूरला गो-कार्टिंग आहे, तिथला कृष्णराज महाडिक इंग्लंडात जाऊन फॉर्म्युला थ्री चालवून आला, म्हणजे आपल्या भागातली पोरं कमी नाहीत. आणि ऑटोक्रॉसला तर डांबर पण लागत नाही. ऊस गेलेलं पाच-सहा एकर सपाट रान, वाट आखायला प्लास्टिकचे कोन, घड्याळ, हेल्मेट, अ‍ॅम्ब्युलन्स आणि रीतसर परवानगी. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी, समोरून कुणी येत नाही. जागा द्यायला तयार असलेले दोन शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत, परवानगीसाठी फिरायला मी तयार आहे, गाडीवाल्या मित्रांनी खर्चात हात लावावा.

तोपर्यंत जे माझ्या हातात आहे ते करतोय. या महिन्यापासून रविवारी सकाळी आमची फौंड्री उघडी असते. ज्या पोरांना आपल्या गाडीचे ब्रेक बघायचे असतील त्यांनी यावं. चाकं उतरवू, डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजू, कमीत कमी किती पाहिजे ते डिस्कवरच कोरलेलं असतं, डायल लावून वाकलीय का बघू, फ्लुईड तपासू. पैसे नाहीत. मागच्या रविवारी तिघं आली होती, त्यातल्या एकाची डिस्क दोन मिलिमीटर कमी भरली, त्यानं गाडी तिथंच ठेवली आणि बसनं घरी गेला. ज्यांची गाडी बापाच्या नावावर आहे त्यांनी घरात सांगून यावं. कपडे जुने घाला, ग्रीस लागतं.