‘पहिल्याच दणक्यात वाकला’: डिरेलर गार्डबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणारा मागचा भाग) वाचवण्यासाठीच्या आमच्या गार्डबद्दलचा तुमचा अभिप्राय नीट वाचला आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दगडाच्या कडेवर उडी घेताना मागचं चाक निसटलं, सायकल उजव्या अंगावर आपटली, गार्ड पहिल्याच दणक्यात आत वाकला आणि तेव्हापासून मधले गिअर अडखळतात. शिवाय गार्ड जड आहे, तो अ‍ॅल्युमिनियमचा असायला हवा होता आणि खालचं जॉकी व्हील (डिरेलरमधलं चेन ताणून धरणारं छोटं दातेरी चाक) उघडंच राहतं. ‘असल्या गार्डपेक्षा नुसता डिरेलर बरा,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. गार्डचा आराखडा मी स्वतः केलाय, त्यामुळे उत्तरही मीच देतो. थोडं लांब होईल, पण हाच प्रश्न इतरही अनेकांना पडतो.

आधी वाकण्याबद्दल. हा गार्ड वाकावा म्हणूनच तसा केला आहे. दणका बसला की त्यातली ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. समजा, पडण्याच्या एकूण ऊर्जेतली फक्त 20 ज्यूल गार्डवर आली. गार्ड इतका कडक असेल की 2 मिलिमीटरच हलून थांबेल, तर सरासरी 10,000 न्यूटन जोर बसतो. तीच ऊर्जा 8 मिलिमीटर वाकण्यात मुरली तर जोर 2,500 न्यूटनवर येतो. हा जोर गार्डमध्ये थांबत नाही. तो अ‍ॅक्सलवर (चाकाच्या आसावर) जातो आणि तिथून ड्रॉपआउटवर, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेच्या टोकात अ‍ॅक्सल बसतो त्यावर. हँगर (डिरेलर ज्यावर टांगतात तो छोटा तुकडा) बदलता येतो, गार्ड बदलता येतो, पण ट्रायल्सच्या (पाय न टेकता दगड-अडथळ्यांवरून सायकल उडवत नेण्याच्या खेळाच्या) फ्रेमचा ड्रॉपआउट वेल्डपाशी तडकला तर फ्रेमच गेली. म्हणून गार्डचं कडं (बाहेरची वळवलेली सळई) आणि डिरेलर यांच्यात आम्ही 8 मिलिमीटर फट ठेवायला सांगतो आणि ती फट चेन सर्वांत लहान चक्रावर घेऊन मोजायला सांगतो, कारण तेव्हाच डिरेलर सर्वांत जास्त बाहेर आलेला असतो. ही फट म्हणजे कड्याला वाकण्यासाठी दिलेली जागा.

आता तुमचे फोटो. मागून काढलेल्या फोटोत कडं आत आलेलं दिसतं, बाहेरच्या वळणावरचा रंग उडून चकचकीत चपटा पट्टा पडला आहे. दगड तिथेच लागला. पण त्याच फोटोत डिरेलरच्या बाहेरच्या तोंडावरची छापील अक्षरं बघा. एकही अक्षर खरवडलेलं नाही. कडं आणि डिरेलर यांच्यामधून अजून पलीकडचा उजेड दिसतो. म्हणजे दणका खाऊनही कडं डिरेलरला टेकलं नाही. ज्या कामासाठी गार्ड बसवला, ते त्याने केलं.

मग गिअर का अडखळतात? त्याचं उत्तर बाजूने काढलेल्या फोटोत आहे. गार्डच्या चकतीवर (अ‍ॅक्सलवर बसणाऱ्या त्याच्या चपट्या भागावर) नटाच्या भोवती वॉशरच्या दातांची खूण उमटली आहे आणि ती गोल ठिपक्यांची नसून कमानीसारखी ओढलेली आहे. गार्ड अ‍ॅक्सलभोवती वरच्या बाजूला फिरला आहे. फिरल्यामुळे कड्याची मागची बाजू गिअर केबलच्या बाहेरच्या नळीवर जाऊन दाबली गेली. डिरेलरमध्ये शिरताना केबल जो वळसा घेते, तो फोटोत बोट ठेवल्यासारखा चेपलेला दिसतो. केबल तिथे घासते, वेळेवर पुढे-मागे होत नाही, म्हणून मधले एक-दोन गिअर बसता बसत नाहीत. नवी आउटर नळी टाकली की हे बरंच कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

फिरू नये म्हणून चकतीला आतल्या बाजूने एक जीभ दिली आहे. ती ड्रॉपआउटच्या खाचेत, अ‍ॅक्सलच्या खाली बसते. तुमच्या फोटोत चकती आणि ड्रॉपआउट यांच्यामध्ये वॉशरची कड दिसते. वॉशर मध्ये आला की जीभ खाचेत पुरती शिरत नाही. पुष्कळ सायकलींना तो वॉशर मुळातच ड्रॉपआउटला लागून असतो आणि चाक परत बसवताना जसा निघाला तसाच परत जातो. क्रम असा हवा: ड्रॉपआउट, मग गार्डची चकती, मग वॉशर, मग नट. नट 30 ते 45 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळावा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एकदा आवळून घ्या, हाताच्या अंदाजावर सोडू नका.

एक गोष्ट मात्र फोटोवरून सांगता येत नाही, ती म्हणजे हँगर सरळ आहे का. दणका गार्डवर बसला तरी चाक जागेवर ठेवून हँगर तपासणं आवश्यक आहे. डिरेलर सोडवून त्याच्या 10 मिलिमीटरच्या आट्यांत अलाइनमेंट गेज (हँगर सरळ आहे का ते मोजायचं साधन) बसवा आणि रिमच्या चारही बाजूंना अंतर बघा. फरक 4 मिलिमीटरच्या आत असेल तर हँगर ठीक. त्याहून जास्त असेल तर केबल कितीही नवी टाका, गिअर जागेवर येणार नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा हँगर एखाद्या वेळी सरळ करता येतो, पण पुन्हा पुन्हा केला की तो तुटतो.

वजनाबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे, गार्ड खरंच हलका नाही. कडं 8 मिलिमीटरच्या भरीव पोलादी सळईचं आहे. 25 सेंटिमीटर लांबीच्या अशा सळईचं वजनच 100 ग्रॅमच्या आसपास जातं. अ‍ॅल्युमिनियममध्ये तेवढाच ताठपणा हवा असेल तर सळई साधारण साडेदहा मिलिमीटर जाड घ्यावी लागते आणि वजन 60 ग्रॅमच्या खाली येतं. ट्रायल्समध्ये मागचं चाक सतत उचलायचं असतं, तिथे 40 ग्रॅम ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. तरीही मी पोलादच धरलं. कारण 7075 सारखं मजबूत अ‍ॅल्युमिनियम वाकण्याआधी बराच जोर घेतं, पण पुढे फार ताणलं जात नाही आणि तडकतं. ते नीट वेल्डही होत नाही. तडकलेल्या कड्याचं टोक आत वळलं तर ते थेट चेनमध्ये किंवा चाकाच्या स्पोकमध्ये जाऊ शकतं. मऊ पोलाद हळूहळू वाकतं आणि वाकलेलं डोळ्यांना दिसतं.

पोकळ पोलादी नळी का नाही, असंही काही जण विचारतात. 10 मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाडीची नळी कागदावर भरीव सळईपेक्षा हलकी आणि ताठ निघते. पण ट्रायल्समध्ये दणका पसरट बसत नाही, दगडाच्या धारेचा बसतो. नळीची भिंत त्या एका जागी आत दबते आणि दबली की ती तिथेच एकदम मोडून दुमडते. भरीव सळई तसं करत नाही. पाडून बघण्याच्या चाचणीत हा फरक मला इतका स्पष्ट दिसला की त्यानंतर मी नळीचा विचार सोडला.

खालचं जॉकी व्हील उघडं ठेवलं आहे ते ठरवून. कडं तितकं खाली नेलं की ते आकड्यासारखं काम करतं. दगडाच्या कडेवरून मागचं चाक बाजूला घसरवताना ते कडेत अडकतं आणि तुम्ही गार्डला टांगलेले राहता. खालच्या भागाला शॉर्ट केज डिरेलर (ज्याचा जॉकी व्हील धरणारा खालचा सांगाडा आखूड असतो) हाच चांगला उपाय आहे. तुमच्याकडे लाँग केज दिसतो. तुमची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लहान असेल तर तो बदलण्याचा विचार जरूर करा.

‘नुसता डिरेलर बरा’ यावर एवढंच म्हणेन की बहुतेक ट्रायल्स सायकली आज एकाच गिअरच्या असतात आणि ज्यांना गिअर नकोत त्यांनी खरोखरच डिरेलर काढून टाकावा, गार्ड घेऊ नये. पण तुम्ही ट्रायल्सबरोबर दूरचा रस्ताही करता असं लिहिलंय, म्हणजे गिअर तुम्हाला हवेत. तुमच्याकडे पुढे कधी शॅडो प्रकारचा डिरेलर आला, तर तो कॅसेटखाली आत दडलेला असतो आणि त्याची केबल समोरून येते, मागचा वळसा लागत नाही. त्याला याहून लहान कडं पुरतं. आणि क्विक रिलीज किंवा थ्रू अ‍ॅक्सलच्या (नटाशिवाय बसणाऱ्या) चाकांवर हा गार्ड कुणीही बसवू नये. तो फक्त नटाच्या अ‍ॅक्सलसाठी आहे.

वाकलेलं कडं हातोडीने सरळ करून परत वापरू नका. एकदा वाकून कडक झालेलं पोलाद पुढच्या दणक्याला आधीसारखं वागत नाही. नवा गार्ड आम्ही तुम्हाला आमच्या खर्चाने पाठवतो, जुना परत पाठवा. कुठे किती वाकला ते मला व्हर्निअरने मोजून बघायचंय. सोबत अ‍ॅक्सलची लांबी, ड्रॉपआउटची जाडी आणि खाचेची रुंदी कळवा. तुमचा ड्रॉपआउट फोटोत जाडसर वाटतो, त्यामुळे चकती आणि वॉशर बसल्यावर नटाला पुरेसे आटे मिळतात की नाही ते मी पाठवण्याआधी पडताळून घेईन. आटे कमी पडत असतील तर पातळ चकतीचा गार्ड पाठवतो. तो येईपर्यंत जुना गार्ड काढून ठेवा आणि उड्यांचा सराव थांबवा.