फुकटात वैमानिक कसे व्हावे

वैमानिक व्हायचं पक्कं केलंत ना? मग पहिलं काम, गणवेशातला फोटो. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या हव्यातच. त्या कॅप्टनच्या असतात, आणि कॅप्टनला जो परवाना लागतो त्याच्यासाठी किमान १,५०० तासांचं उड्डाण मागतात. पण फोटोत तास कुठे दिसतात? पैशांची चिंता तुम्ही कशाला करायची? शिष्यवृत्ती नावाची सोय आहेच. नावापुढे ‘भावी वैमानिक’ लिहायचं, अर्ज टाकायचा आणि बॅग भरून बसायचं.

अर्ज एकच लिहा आणि सापडेल त्या प्रत्येक संस्थेला तोच पाठवा. अटी वाचत बसणारे लोक मागे पडतात. नाइन्टी-नाइन्स ही महिला वैमानिकांची संघटना १९२९ पासून आहे; सुरुवातीच्या ९९ सभासदांवरून तिचं नाव पडलं. तिची पहिली अध्यक्ष अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये पॅसिफिकवर बेपत्ता झाली. तिच्या नावाने संघटना शिष्यवृत्ती देते आणि ती हवी असेल तर आधी सभासद असावं लागतं. अमेरिकेतल्या ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) या संघटनेची रे शिष्यवृत्ती १६ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असते आणि अर्ज स्थानिक शाखेमार्फतच पुढे सरकतो. तुमचं वय २६ असलं तरी थेट मुख्य कार्यालयाला काळजाला हात घालणारं पत्र लिहा. समितीला त्यातून एवढंच कळेल की या उमेदवाराला पानभर सूचना वाचायचा कंटाळा आहे. चेकलिस्ट वाचण्यावर ज्या धंद्याचं पोट चालतं, त्या धंद्यात ही माहिती त्यांना फार मोलाची वाटते.

आता निबंध. तो गाभा. सुरुवात अशी करा: ‘लहानपणी आकाशात विमानाचा आवाज आला की मी धावत अंगणात यायचो.’ समितीवरच्या माणसांनी हे वाक्य यंदा वाचलेलं नाही, अशी मनाची समजूत घाला. मग राइट बंधू आणा. मग पक्षी, पंख, ढग, क्षितिज. शेवटी ‘आकाशाला गवसणी’ घाला, कारण ती घातल्याशिवाय मराठी माणसाचं विमान उडत नाही. आकडा मात्र एकही येऊ देऊ नका.

आकड्यांनी कसा रसभंग होतो, ते बघा. एखादा नीरस उमेदवार लिहितो: ‘आजवर ३२ तास झाले, त्यातले ४ तास ३० मिनिटं सोलो, म्हणजे एकट्याने. खासगी परवान्यासाठी १५० सागरी मैलांचं एकट्याने करायचं लांब पल्ल्याचं (क्रॉस कंट्री) उड्डाण बाकी आहे. शाळेचा तासाचा दर आणि तिचं लेखी पत्रक सोबत जोडलं आहे. आठवड्याला तीन उड्डाणं धरली, त्यातलं एक हवामानामुळे बुडणार असं गृहीत धरलं, तर तीन महिन्यांत परीक्षा. लेखी परीक्षा उत्तीर्ण. निकालाची प्रत सोबत.’ ना पक्षी, ना क्षितिज. आणि पैसे यालाच मिळतात. समितीला दिसतं, की हा गडी आपण नाही म्हटलं तरी उडणारच आहे, फक्त सहा महिने उशिरा. देणाऱ्याला अर्ध्यावर आलेलं काम पुरं करायला आवडतं. शून्यावर उभ्या असलेल्या स्वप्नाला हात द्यायला भीती वाटते. पण तुम्ही शून्यावरच थांबा. स्वप्न जितकं कोरं तितकं शुद्ध.

वैद्यकीय तपासणी सगळ्यांत शेवटी. आधी शाळेत नाव घाला, आगाऊ रक्कम भरा, नातेवाइकांना कळवा आणि मग डोळे तपासायला जा. व्यावसायिक वैमानिकाला क्लास वनचं प्रमाणपत्र लागतं. आंतरराष्ट्रीय मापदंडात दूरची नजर एकेका डोळ्याला ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ मागतात, आणि तीही चष्मा लावून चालते. हे मुळीच जाणून घेऊ नका. चष्मा आहे म्हणजे संपलं असं समजून दहावीतच नाद सोडून देणारे असतात. त्यांची परंपरा कोणीतरी चालवायला हवी. किंवा उलट करा. नजर उत्तम आहे म्हणून निर्धास्त राहा, आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यात समोर आकडा असताना तुम्हाला नुसते ठिपकेच दिसतात, हे शुल्क भरल्यानंतर समजू द्या. रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्याने बोलतो: स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. तिथे लाल-हिरव्याचा घोळ चालत नाही. शिवाय कानांचा आलेख, हृदयाचा आलेख आणि औषधांचा इतिहास. इतिहासातलं एखादं पान लपवून ठेवा. ते पुढे कधीतरी सापडतं, आणि सापडतं तेव्हा परवाना हातात असतो, म्हणजे गमावण्यासारखंही काहीतरी असतं.

हिशेब फार सोपा आहे. आंतरराष्ट्रीय नियमात व्यावसायिक परवान्याला २०० तास, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर १५०. देशोदेशी यात भर पडते. तासाचा दर गुणिले २००, खाली दोन रेघा, झालं. या २०० तासांत १०० तास तुम्ही स्वतः पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेले वैमानिक, असायला हवेत, सलग अभ्यासक्रमात ७०. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवतोय तो तास त्यात धरत नाहीत. एक उड्डाण ३०० सागरी मैलांचं, नियमाच्या भाषेत ५४० किलोमीटरचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन. रात्री उडायचं तर पाच तास रात्रीचे, त्यात पाच टेकऑफ आणि पाच लँडिंग कमांडमध्ये. हे तुकडे वेगवेगळे मोजावे लागतात आणि एकाचा तुटवडा दुसऱ्याने भरून निघत नाही. त्यामुळे बेरीज २०० झाली तरी परवाना नाही, असं घडतं. परीक्षकाची फी, परीक्षेसाठी घेतलेल्या विमानाचं भाडं, नापास झालात तर पुन्हा दोन्ही, दुसऱ्या विमानतळाचं लँडिंग शुल्क, जमिनीवरच्या शिकवणीचे पैसे, हेडसेट, राहणं-जेवण. यातलं बरंचसं कित्येक शिष्यवृत्त्यांत बसत नाही; त्या फक्त उड्डाणाचं बिल बघतात आणि चेक शाळेच्या नावाने काढतात. शिष्यवृत्तीने विमानाचं भागलं आणि खोलीच्या भाड्यावाचून घरी परत जावं लागलं, या शेवटात एक काव्य आहे. ते चुकवू नका.

शाळेने सगळे पैसे एकरकमी मागितले तर द्या. सवलत मिळते. शाळेकडे विमानं किती, त्यातली उडण्याजोगी किती, इन्स्ट्रक्टर किती, हे विचारणं उद्धटपणाचं आहे. कागदावरच्या सहा विमानांपैकी दोन दर शंभर तासांनी होणाऱ्या तपासणीला आणि एक सुट्या भागाच्या प्रतीक्षेत असतं. पैसे मात्र सहाही विमानांच्या नावाने जमा झालेले असतात. इन्स्ट्रक्टर तर स्वतःच तास साठवत असतो. त्याचे पुरे झाले की तो एअरलाइनमध्ये जातो, आणि नवा आला की तुमची आधीची चार लँडिंग त्याला पुन्हा बघायची असतात. शाळा बुडाली तर शिष्यवृत्ती देणारा म्हणतो, आम्ही तर पैसे दिले. त्याचं खरंच असतं.

शिफारसपत्र. ओळखीतला सर्वांत वजनदार माणूस गाठा. त्याने तुम्हाला एका लग्नात पाहिलं असलं तरी पुरे. पत्र अंतिम तारखेच्या आदल्या रात्री मागा, मजकूर तुम्हीच लिहून द्या. ‘उमेदवार होतकरू, मनमिळाऊ व कष्टाळू आहे.’ ज्या इन्स्ट्रक्टरने तुम्हाला आडव्या वाऱ्यात लँडिंग फसताना पाहिलं, तुम्ही ते रेटून न नेता वेळेत थ्रॉटल पुढे ढकलून पुन्हा फेरी मारलीत हेही पाहिलं, त्याच्याकडे चुकूनही जाऊ नका. तो तेवढी एकच गोष्ट लिहील, आणि समितीत बसलेले जुने वैमानिक तेवढ्यावर मान डोलावतील.

लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, मोकळ्या मनाने भरा. सहा मिनिटं म्हणजे ०.१ तास, म्हणून १ तास १० मिनिटं म्हणजे १.१० असं बिनधास्त लिहा. वर्षाअखेर बेरीज कुणालाच जुळत नाही. तास कमी पडत असतील तर पेन आहेच. वैमानिकांच्या बोलीत असल्या तासांना पार्कर पेनचे तास म्हणतात, इतकी ही कला जुनी आहे. अडचण एवढीच, की विमानाचंही स्वतःचं वेगळं पुस्तक असतं, आणि तुम्ही ज्या दुपारी त्याला ५४० किलोमीटर फिरवून आणलंत, त्या दुपारी ते हँगरमध्ये इंजिन उघडं टाकून उभं होतं, असं त्यात मेकॅनिकच्या सहीनिशी लिहिलेलं सापडतं.

बेसी कोलमन या बाईने तर सगळंच उलटं केलं. काळी आणि त्यात बाई म्हणून अमेरिकेतल्या उड्डाणशाळांनी तिला दारातून परत पाठवलं. शिकागोतला वृत्तपत्रमालक रॉबर्ट ॲबट याने फ्रान्सला जायचा सल्ला दिला आणि पाठबळही दिलं. तुम्ही असता तर पाठबळाचं ऐकून आधी पेढे वाटले असते. ती नखं रंगवून देण्याच्या कामातून पैसे साठवत होती, शिवाय फ्रेंच शिकायला लागली, कारण तिथे शिकवणी फ्रेंचमध्ये असणार होती. १५ जून १९२१ ला तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. तुम्हाला निदान फ्रेंच नको आहे. इंग्रजी लागते, तीही आंतरराष्ट्रीय पट्टीवर किमान चौथ्या पातळीची, आणि चौथी असेल तर दर तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा. तेव्हा ती शिकूच नका. रेडिओवर कोण कुणाचं ऐकतंय.

विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर, हवाई वाहतूक नियंत्रक, उड्डाणाचं नियोजन करणारा डिस्पॅचर, ही कामंही याच धंद्यातली आणि त्यांनाही शिष्यवृत्त्या असतात, अर्जही कमी येतात. पण त्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या फोटोत उठून दिसत नाहीत. सोडा.

अर्ज अंतिम दिवशी रात्री ११.५९ ला पाठवा. कुठल्या देशाच्या घड्याळाने, ते बघू नका. जगभरचे वैमानिक झुलू वेळ नावाची एकच वेळ पाळतात आणि तिचं गणित पहिल्याच महिन्यात शिकवतात. त्याच गणितात वैमानिकाचा अर्ज चुकावा, यापेक्षा प्रामाणिक नमुना समितीला कुठे मिळणार?

एवढं सगळं करूनही नजरचुकीने तुम्हाला शिष्यवृत्ती मिळालीच, तर घाबरू नका. अजून संधी आहे. पैसे बहुधा ठरलेल्या मुदतीत वापरायचे असतात, कुठे कुठे तर टप्प्याटप्प्याने मिळतात: सोलो झालं की पुढचा हप्ता. तेव्हा आठवड्यातून एकदाच उडा. सात दिवसांत हात विसरतात, मग प्रत्येक धड्याची पहिली वीस मिनिटं मागचा धडा आठवण्यात जातात, सोलो लांबतं, हप्ता अडकतो, मुदत सरते.

आणि विमानात बसायच्या आधी काही म्हणजे काही वाचून येऊ नका. सेस्ना १७२ एस या शिकाऊ विमानात इंधनाचे नमुने १३ ठिकाणांहून काढावे लागतात. प्रत्येक नमुना उजेडात धरून निळा आहे ना, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना, ते बघायचं. हे इंजिन बंद असताना होतं, म्हणजे फुकट होतं, म्हणून इथे घाई करा. मग इंजिन सुरू करा. तासाचा मीटर आता चालू झाला. रनवेच्या तोंडाशी जाऊन थांबा, इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर न्या आणि मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जोडीची, किल्ली एका बाजूला फिरवा. फेऱ्या पडतील. १५० पर्यंत पडल्या तर चालतं, दोन्ही बाजूंच्या घटीत फरक ५० पर्यंत चालतो. हे आकडे तुम्हाला पाठ नसणारच, तेव्हा इन्स्ट्रक्टरला विचारा. तो म्हणेल, चेकलिस्टमध्ये बघ. चेकलिस्ट शोधा. सीटखाली गेली असेल. पट्टा सोडा, वाका, हेडसेटची वायर अडकेल, ती सोडवा. मागे तीन विमानं रांगेत उभी आहेत. इंजिन १,८०० वर छान घरघरतंय. मीटरचा शेवटचा आकडा एकाने पुढे सरकला. सहा मिनिटं झाली.