गाणं माहेराचं, चित्र दुसऱ्याच कुणाचं

“आवाज तुझाच आहे गं, पण ही बाई कोण?”

माझ्या ताईनं तिच्या मुलीचं पहिलं गाणं फोनवर पाहिलं आणि एवढंच विचारलं. भाची गप्प बसली. मीही काही बोलले नाही. त्या प्रश्नाला दोन आठवडे झाले आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. लांब होईल, सवडीनं वाचा.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले. गेली 22 वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, मुंजी, नवरात्रातले गरबे आणि हल्ली गाण्यांचे व्हिडिओ. दिवसभर दुसऱ्यांची चित्रं कापायची आणि जोडायची, हाच धंदा. त्यामुळे गाण्यावर चित्र चढलं की गाण्याचं काय होतं, हे मी रोज बघते.

भाचीचं गाणं माहेरावरचं आहे. लग्न होऊन सुरतेला गेलेली मुलगी, तिला दुपारचं घर आठवतं. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर, मेथी निवडणारे आईचे हात, गल्लीतून जाणारा भंगारवाला. चाल साधी, पेटी आणि थोडी बासरी. मुंबईच्या एका कंपनीला ते आवडलं आणि त्यांनी व्हिडिओ करायचं ठरवलं. आम्हाला केवढा आनंद झाला होता! मी लगेच फोनवर सांगितलं, आमच्याकडे या, जुनी घरं दाखवते, माणसं मिळवून देते. तिकडून उत्तर आलं, “बडोदा दिसायला नको. पाट्या गुजराती आहेत, प्रेक्षक गोंधळतील.” मग पुण्याजवळ एका भाड्याच्या वाड्यात दोन दिवस शूटिंग झालं. भाची सावळी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. तिला सांगितलं की कॅमेऱ्यासाठी चेहरा वेगळा घेऊ.

चार मिनिटांच्या त्या व्हिडिओत नथीचा क्लोज-अप 9 वेळा आहे. मी मोजला. तुळशीवृंदावन, बैलगाडी, विहीर, पैठणीचा पदर, ड्रोनवरून दिसणारी कौलं, सगळं आहे. झोपाळा नाही. आई नाही. माहेराच्या गाण्यात चार मिनिटांत आई एकदाही दिसत नाही!

एक जागा तर मला सहनच होत नाही. आईच्या हातांची ओळ येते तिथं पडद्यावर नटी आरशासमोर बांगड्या चढवते आहे. शब्दांत मुलगी आईचे हात आठवते, चित्रात ती स्वतःचे हात न्याहाळते. ओळ तीच, सूर तेच, पण अर्थ उलटला. आठवण होती, तिचं नटणं झालं. ज्यानं ती ओळ नुसती ऐकली असेल त्याच्या घशाशी काही तरी येईल. ज्यानं पाहिली, त्याला बांगड्या छान वाटतील.

आमच्या कामात नवीन मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते की शब्दात पाऊस आला म्हणून चित्रात पाऊस घालू नका. कानाला जे मिळालं तेच डोळ्याला परत वाढलं तर बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. चित्रानं शब्दाच्या शेजारी बसावं आणि शब्द सांगत नाही ते सांगावं.

1990 चं आयरिश गायिका सिनेड ओकॉनरचं ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आज पाहा. गाणं अमेरिकन गायक प्रिन्सनं लिहिलेलं, विरहाचं. दिग्दर्शक जॉन मेबरी. दुसरा कुणी असता तर त्यानं सोडून गेलेला प्रियकर दाखवला असता, जुनी पत्रं दाखवली असती. इथं पॅरिसच्या एका बागेतून ती काळ्या कोटात चालते, आणि बाकी जवळजवळ सगळा वेळ फक्त तिचा चेहरा. कपडे काळे, मागचा पडदाही काळा, त्यामुळे चेहरा अंधारावर तरंगत राहतो. डोकं भादरलेलं. बायकी दिसावं म्हणून रेकॉर्ड कंपनीतल्या माणसांनी सल्ले दिले तेव्हा ती जाऊन डोकं भादरून आली, हे तिनंच सांगितलेलं आहे. आईनं परसात लावलेल्या फुलांची ओळ येते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते ठरवलेलं नव्हतं. तिची आई पाच वर्षांपूर्वी अपघातात गेली होती, आणि त्या ओळीला तीच आठवली. प्रियकरासाठी लिहिलेलं गाणं त्या एका क्षणात आईचं होतं. चित्रानंही अर्थ बदलला, पण आतल्या दिशेनं.

एडिटर म्हणून मला विचाराल तर तिथली सगळ्यात मोठी करामत ही की तिथं कुणी कापलं नाही. रडणं सुरू झालं की कट मारायचा हात शिवशिवतो. आवरता यायला हवा.

आपल्याकडे 90 च्या दशकात आणि 2000 च्या सुमारास हे कळणारी माणसं होती. 1995 च्या ‘मेड इन इंडिया’त शब्द काय मागतात? एक हिंदुस्थानी दिल. पण चित्र त्याच्या पुढे जातं. अलिशा चिनॉय सिंहासनावर आहे, आणि देशोदेशीचे पुरुष तिच्यापुढे येऊन निवडून घेण्यासाठी उभे आहेत. तोवर आपण मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पाहत आलो होतो, इथं मुलगे दाखवले जात होते. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही मैत्रिणी ते गाणं मिलिंद सोमणसाठी बघायचो हे खरं, पण ते सिंहासनही डोक्यात राहिलं.

फाल्गुनी पाठक तर बडोद्याच्या माणसाला सांगायलाच नको. गरबा आमच्या श्वासात आहे. शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांत गाणारी ही बाई व्हिडिओतही तशीच येते. तिला कुणी घागरा घालून नायिका केली नाही. कथा दुसऱ्या मुलीची, आणि गायिका तिच्याच रूपात शेजारी उभी. चेहरा वेगळा घ्यायलाही माझी हरकत नाही, असा घ्या की! गायिकेला पुसून नको. ‘मेरी चुनर उड उड जाए’मध्ये तर शब्द चुनरीचे, आणि चित्रात एक कोवळी मुलगी तसबिरीतल्या बाईकडे बघत राहते आणि ती बाई जिवंत होते. त्या वयात ते पाहिलेल्या कित्येक मुलींनी पुढे मोठेपणी लिहिलं आहे की त्या बघण्यात त्यांना स्वतःची न सांगता येणारी गोष्ट दिसली होती.

आणि ‘मन के मंजीरे’. शुभा मुद्गल यांचा आवाज, प्रसून जोशींचे शब्द. शब्दांत मनाच्या झांजा वाजू लागतात एवढंच आहे. मारहाणीचं नाव नाही, ट्रकचं तर नाहीच. चित्रात अभिनेत्री मीता वशिष्ठ ट्रक चालवते आहे, मागे बायका नाचताहेत. घरातल्या मारहाणीविरुद्धच्या मोहिमेसाठी ते गाणं केलेलं होतं, आणि कथा सुचली होती एका खऱ्या बाईवरून, जिनं छळाचं घर सोडून ट्रकचं स्टिअरिंग हातात घेतलं. नुसतं गाणं ऐकलंत तर आनंदाचं गाणं आहे. चित्र पाहिलंत तर तो आनंद किती महाग पडला ते कळतं. माझ्या मते आपल्याकडचा तो सर्वांत नेमका व्हिडिओ आहे.

आता परत नथीकडे येते, कारण मला नथीचा राग नाही. आजीची नथ माझ्या कपाटात आहे आणि सणावाराला मी ती घालते. प्रश्न असा की ‘मराठी’ म्हटलं की हेच पाच-सहा तुकडे का बाहेर पडतात? याचं एक मूळ शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, ते माझ्याच गावात निघालं.

सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याला नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं काढायला सांगितली, 1888 च्या सुमाराची गोष्ट. त्याच्या चित्रांतल्या कितीतरी पौराणिक बायका आपल्याकडच्या नऊवारीत, आपल्याकडच्या दागिन्यांत उभ्या आहेत. 1894 मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देशभर घराघरांच्या भिंतींवर गेल्या. आणि दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकायला कुठं आले? बडोद्याच्या कलाभवनात, जिथं आता टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं, आणि 1913 मध्ये राजा हरिश्चंद्राला पडद्यावर चालतं केलं. भिंतीवरच्या तसबिरीपासून हलत्या चित्रापर्यंतची वाट आमच्या गावावरून गेली आहे. मी रोज स्कूटरवरून कलाभवनाजवळून जाते आणि हे मला दर वेळी आठवतं.

पण रविवर्म्याची बाई चित्रात काही तरी करत असते. दमयंती हंसाशी बोलते, शकुंतला पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून बघते. साडी तिच्या गोष्टीतली असते. भाचीच्या व्हिडिओतली बाई काहीच करत नाही. ती नुसती स्लो मोशनमध्ये चालते. हे कसं करतात ते सांगते. साधं काम सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे 25 चित्रांचं, असेल तर कॅमेरा 50 वर लावतात आणि सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. नटी भराभर ओठ हलवते. नंतर ते चित्र निम्म्या वेगानं चालवलं की ओठ मूळ गाण्याशी नीट जुळतात, मात्र पदर, केस, पापण्या सगळं तरंगू लागतं. कुठलीही बाई त्यात देवी दिसते. मेथी निवडणाऱ्या आईला तरंगायची गरज नसते.

त्या दिग्दर्शकाला मी वाईट म्हणणार नाही. दोन दिवस, ठरलेले पैसे, आणि वरून कंपनीची मागणी की यूट्यूबवरच्या बोटभर चित्रात ‘मराठी’ हे झटक्यात कळलं पाहिजे. नथ ते काम करते, झोपाळा करत नाही. मला हे कळतं, कारण गिऱ्हाइकाला थंबनेल करून देताना मीही चेहरा मोठा आणि रंग भडक करते. पण त्या हिशेबात मराठी असणं म्हणजे एक ठरीव सामानाची यादी होऊन बसते, आणि ते सामान ज्यांच्या घरात नाही त्यांची माणसं पडद्याबाहेर राहतात. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथं आहोत. घरात मराठी, रिक्षात गुजराती, पोरांची भांडणं हिंदीत. सकाळी पोहे, संध्याकाळी शेव-उसळ. इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी घरांचंही असंच असणार. ते बाईचं माहेर नाही का?

वाडाच हवा होता तर रावपुऱ्यात तांबेकर वाडा उभा आहे. एकोणिसाव्या शतकातला, दिवाण तांबेकरांचा. आतल्या भिंतींवर कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रज लढाई, सगळं रंगवलेलं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथं शूटिंगला परवानगी काढावी लागली असती, वेळ गेला असता, मान्य. पण खरा मराठी वाडा गुजराती पाट्यांच्या गल्लीत आहे हे निदान बघायला तरी यायचं. आमची गोष्ट त्या गल्लीतच आहे. पाट्या लपवल्या की ती सुरतेची मुलगी कुठून आली तेच कळत नाही.

भाची परवा म्हणाली, “मावशी, लोक कमेंटमध्ये लिहितात की चेहरा आणि आवाज किती जुळतो.” सांगताना ती हसली नाही. ताईनं विचारलेला प्रश्न मला तेव्हा पुन्हा ऐकू आला. गाणाऱ्या मुलीला पहिल्याच गाण्यात तिच्या आवाजातून बाहेर काढलं, आणि ते इतकं छान जमलं की कुणाला दिसलंही नाही.

कंपनीचा व्हिडिओ आहे तसाच राहील. पण या गाण्याचं आमच्याकडे आणखी एक रेकॉर्डिंग आहे, नुसत्या पेटीवरचं, आणि करारानुसार ते भाचीचंच आहे. त्याचा व्हिडिओ आम्ही करतो आहोत. एकच फ्रेम, मध्ये कट नाही. झोपाळ्यावर ताई मेथी निवडत बसलेली, शेजारी चष्मा लावून भाची गाते. खिडकीतून समोरच्या दुकानाची गुजराती पाटी दिसली तर दिसू दे. भंगारवाला ओरडत गेला तर तोही राहील.

अडचण एकच आहे. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आमचा झोपाळा विकला. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, कुणाकडे जुना पितळी कड्यांचा झोपाळा अजून टांगलेला असेल आणि त्या खोलीत दुपारी तीन ते पाच खिडकीतून उजेड येत असेल, तर मला मेसेज करा. येत्या दोन रविवारांपैकी एक दिवस हवा आहे, चहा-नाश्ता आमच्याकडून. आणि कड्या कुरकुरत असतील तर कृपा करून त्यांना तेल घालू नका.