बोलायची पाळीच येत नाही तर पोरगं इंग्रजी बोलणार कधी?

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर रविवारी जे वाजलं ते लिहून काढतोय, कारण पोरांच्या इंग्रजीचा हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि असलं बोलणं दोन दिवसांत हवेत विरून जातं. सुरुवात संत्याने केली. संत्याचं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, जॉबवर्क करतो, पोरगा तिसरीत, इंग्लिश मीडियमला. म्हणाला, "यार फी भरून कंबरडं मोडलं, पोरगा धडा घडाघडा वाचतो पण काय वाचलंस विचारलं की नुसता तोंडाकडे बघतो. काढून मराठी शाळेत टाकू का?"

काका या वाक्याचीच वाट बघत असल्यासारखे सरसावले. काका बँकेतून रिटायर झालेत. "टाक. आम्ही पाचवीला एबीसीडी गिरवली, तोपर्यंत इंग्रजीचं अक्षर बघितलं नव्हतं, आणि पुढे जन्मभर बँकेत हेड ऑफिसशी पत्रव्यवहार इंग्रजीत केला. मातृभाषा पक्की असली की बाकी सगळं येतं."

मनी म्हणजे आमची शाळेतली मैत्रीण, कळव्याकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, सगळ्यांना वाटलं ती काकांच्या बाजूने बोलणार. पण नाही. "काका, तुम्ही पास झालात म्हणून इथे बसून सांगताय. तुमच्या वर्गातले जे मॅट्रिकला इंग्रजीत गचकले ते कुठे आलेत सांगायला?"

काका जरा थांबले. मग म्हणाले, "गेले खरे. माझ्या बाकावर बसायचा तो गणितात माझ्या कितीतरी पुढे होता. इंग्रजीत दोनदा दांडी उडाली, मग बसलाच नाही परीक्षेला." पुढे थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटतं जुन्या काळाचं कौतुक करताना ही बाकावरची माणसं मोजलीच जात नाहीत, आणि आज पोरांना इंग्लिश मीडियमला घालायची जी घाई दिसते त्याच्या मागे आपल्या आधीच्या पिढीने खाल्लेला हा मार आहे, नुसती फॅशन नाही.

बरं, लवकर सुरू केलं की येतं म्हणावं तर तेही झालंय करून. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगलाच होता, गरिबाच्या पोराला पाचवीपर्यंत थांबायला लागू नये. पण शिकवणार कोण? ज्या गुरुजींनी आणि बाईंनी स्वतः पाचवीला इंग्रजी सुरू केलेलं, भीतभीत पास झालेले, आयुष्यात कधी कोणाशी दोन मिनिटं इंग्रजीत बोलले नव्हते, त्यांनाच पहिलीच्या पोरांना गाणी म्हणायला लावायला सांगितलं. त्यांचा काय दोष? आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. असर म्हणजे पोरांना वाचायला आणि गणित किती येतं ते तपासणारी पाहणी, तिचे २०२२ चे आकडे बघा, देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांनाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता येतात, आणि २०१६ ला पण जवळपास तेवढाच आकडा होता.

इथे पक्या उसळला. पक्याचे कोपरीला क्लासेस आहेत, पाचवी ते दहावी सगळे विषय. त्याचं म्हणणं, हे सगळं ठीक आहे पण पालक येतात ते मार्क मागायला, आणि मार्क तर तो देतो. "माझ्या पोरांना पॅसेजचे प्रश्न पैकीच्या पैकी येतात. समजत नसतं तर आले असते का?"

मनी म्हणाली थांब, तुलाच एक पॅसेज देते. आणि चहाचा ग्लास खाली ठेवून तिने वाक्य सांगितलं, "द झिंबू लपट्ड द टोका नियर द फुलसर. आता सांग, व्हेअर डिड द झिंबू लपट द टोका?"

पक्या पटकन म्हणाला, "नियर द फुलसर."

"हू लपट्ड द टोका?"

"द झिंबू."

"बरोब्बर, पैकीच्या पैकी. आता झिंबू म्हणजे काय ते सांग."

पक्या हसला, पण त्याला लागलं ते दिसत होतं. मनी हसत नव्हती. ती म्हणाली माझ्या वर्गात अशी मुलं आहेत जी पाचवीपासून दहावीपर्यंत हे करत आलीत, प्रश्नातला शब्द पॅसेजमध्ये शोधायचा, ती ओळ उचलून उत्तर म्हणून लिहायची, वर टिक मिळते, आणि पोराला मनापासून वाटतं की आपल्याला इंग्रजी येतं. मग कॉलेजला गेलं की तोंडावर आपटतं. संत्याचं पोरगं घडाघडा वाचतं ना, तेही झिंबूच वाचतंय. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण शाळा तिथेच थांबली.

मी ऐरोलीला सपोर्टच्या टीमसाठी मुलाखती घेतो, तर हे मला रोज समोर दिसतं म्हणून मी बोललो. पोरं येतात, इंजिनीअर झालेली, बरीचशी पहिलीपासून इंग्लिश मीडियमची. "मायसेल्फ अमुक अमुक" पासून सुरू होतात आणि हॉबीज, स्ट्रेंग्थ, वीकनेस सगळं एका दमात म्हणतात, मध्ये श्वास घेत नाहीत. ते संपलं की मी विचारतो, आज घरून इथपर्यंत कसा आलास? एवढंच. रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्सहार्बरची लोकल, ऐरोलीला उतरून चालत, यापलीकडे काही सांगायचं नसतं. आणि तिथे बोबडी वळते. इतका हुशार पोरगा, कोडिंग चांगलं, आणि चेहरा पार उतरतो. कोणी त्याला आजवर इंग्रजीत असा प्रश्नच विचारलेला नसतो ज्याचं उत्तर गाईडमध्ये नाही. मराठी मीडियमचा पोरगा पण तिथेच अडकतो आणि इंग्लिश मीडियमचा पण तिथेच, म्हणून मला या मीडियमच्या भांडणाचा कंटाळा येतो. दोन्ही वर्गांत बोलतात फक्त बाई, पोरं ऐकतात आणि उतरवून घेतात.

मनीने हिशोबच मांडला. तिच्या नववीत साठ मुलं. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी आणि वह्या सोडून दे, पूर्ण पस्तीस मिनिटं नुसती मुलंच बोलली असं धरलं तरी एकेकाला अर्धा मिनिट मिळतो. प्रत्यक्षात पहिल्या बाकावरची चार जणं बोलतात आणि बाकीच्यांची पाळी वर्षभरात येत नाही. दहावीला भाषेचा पेपर ८० चा आणि तोंडीचे २० शाळेच्या हातात, ते बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सरसकट चांगले देऊन मोकळे होतात, मग बोलायला शिकवायची गरज कोणाला वाटणार?

"आणि एखादा बोलला तर हसतात," संत्या मध्येच म्हणाला. त्याच्या पोराने वर्गात 'व्हेअर यू आर गोइंग' असं काहीतरी म्हटलं तर पोरं हसली, टीचर पण हसल्या, तेव्हापासून तो हातच वर करत नाही. मराठीत बोललं तर डायरीत रिमार्क येतो आणि इंग्रजीत चुकलं तर हसतात, मग ते पोरगं गप्प बसायला शिकलं. मला याचा मनापासून राग येतो. सात-आठ वर्षांच्या पोराच्या तोंडाला कुलूप लावायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि ती चूक तरी कसली? मनीने समजावलं, आपण 'तू कुठे चाललास' म्हणतो, प्रश्नाला वाक्याची रचना हलत नाही, साध्या वाक्यात जिथे 'घरी' येतं तिथेच 'कुठे' बसतं. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द पुढे येतो आणि 'आर' उडी मारून कर्त्याच्या आधी जातो. पोराने अर्धं बरोबर केलं होतं, शब्द पुढे आणला, 'आर' राहिला. म्हणजे ते शिकण्याच्या मधल्या पायरीवर होतं! तिथे बाईंनी नुसतं बरोबर वाक्य परत म्हणून दाखवलं असतं तरी काम झालं असतं.

'ए' आणि 'द' चं पण तसंच. आपल्याकडे आर्टिकल नाहीत म्हणून वर्षानुवर्षं एकच नियम घोकून घेतात, व्हॉवेल आलं की 'अ‍ॅन'. तोही धड नाही, कारण ते अक्षरावर नसून उच्चारावर आहे, 'अ‍ॅन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'. आणि मुळात कुठे 'ए' आणि कुठे 'द' हे कोणी सांगतच नाही. मनी वर्गात सरळ मराठीत सांगते, गोष्ट सांगताना आपण म्हणतो ना, एक कुत्रा होता, तो कुत्रा रोज यायचा, पहिल्यांदा 'एक' आणि नंतर 'तो', बस, तेच. याने सगळं सुटत नाही पण निम्म्या पोरांच्या डोक्यात उजेड पडतो. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको हा जो हट्ट आहे तो मला कधीच पटला नाही, पोराकडे आधीपासून जी भाषा आहे ती वापरायची नाही म्हणजे काय?

उच्चारांचं मी सांगितलं. आपल्याला वाटतं की थ आणि व मुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपलं कळत नाही. तसं नाहीये, ते थोडंफार चालून जातं. घोळ होतो तो जोर देण्यात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची गिळायची. कॉलवर रक्कम सांगताना थर्टीन आणि थर्टी यात सगळ्यात जास्त गोंधळ, कारण थर्टीनला जोर शेवटी हवा आणि आपले लोक पुढेच देतात. बारा-पंधरा वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या पोराला हे पहिल्यांदा नोकरीत कळतं. शाळेत कोणी ऐकवलंच नसेल तर कळणार कुठून.

पक्याचा मुद्दा मात्र चुकीचा नव्हता. "साठ पोरं, सिलॅबस पूर्ण करायचा, आणि तुम्ही म्हणता बोलायला लावा. कसं लावणार?"

मग मनीने प्रभूंचं सांगितलं. एन. एस. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते, त्यांनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून जगभर ओळखतात. व्याकरणाचा धडा द्यायचाच नाही. रेल्वेचं टाइमटेबल नाहीतर नकाशा द्यायचा आणि त्यातून काहीतरी शोधून काढायचं, आधी एक बाईंनी सगळ्या वर्गाबरोबर सोडवायचं, मग तसंच दुसरं पोरांनी स्वतः. पोराचं लक्ष उत्तर काढण्यात असतं आणि भाषा त्या भरात येते.

तिने हे ठाण्याच्या गाड्यांवर करून बघितलं. फळ्यावर ट्रान्सहार्बरच्या काही गाड्या लिहिल्या, आपल्याला बेलापूरला अमुक वाजता पोचायचंय, कुठली पकडू? चार-चार जणांचे गट केले. वर्गात कालवा झाला, शेजारच्या वर्गातले सर बघून गेले. मुलं अर्ध्याहून जास्त मराठीतच भांडत होती हे ती लपवत नाही. पण वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठून म्हणाली, "नो मॅडम, दॅट ट्रेन गोज ओन्ली वाशी, वी वॉन्ट बेलापूर." मनीने टोकलं नाही. "येस, इट गोज ओन्ली टू वाशी," एवढंच म्हणून पुढे गेली. हे सांगताना मनीचा आवाज बदलला होता, आणि मला तरी वाटतं त्या एका वाक्यात त्या मुलीने आजवरच्या सगळ्या घोकंपट्टीपेक्षा जास्त इंग्रजी वापरलं.

काकांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, व्याकरणाशिवाय शुद्ध लिहिता येणार नाही, आणि प्रभूंच्या पद्धतीवर हा आक्षेप तेव्हाही घेतला गेलाच असणार. मनी म्हणाली व्याकरण हवंच, पण पोरगं काही बोललं तर त्याचं व्याकरण सुधारणार ना.

संत्या मघापासून गप्प होता. "ते ठीक आहे. मी आज घरी जाऊन काय करू? मला कुठे इंग्रजी येतंय."

मी विचारलं, मशीनवर अलार्म आला की काय करतोस? म्हणाला वाचतो आणि रिसेट मारतो. काय वाचतोस? तर म्हणाला ओव्हरट्रॅव्हल, टूल लाइफ, लो ल्युब, कधी डोअर ओपन. प्रत्येकाचा अर्थ काय, तेव्हा काय करायचं, काय केलं तर टूल तुटेल, सगळं त्याने धडाधड सांगितलं. पॅनेलवरचं एक बटण त्याला अडत नाही. कोणी धडा दिला नव्हता, चुकलं तर जॉब वाया जाणार होता म्हणून आलं.

मनी म्हणाली, पोराला शनिवारी वर्कशॉपला ने. पॅनेलवरचं त्याला वाचू दे, अर्थ तू सांग, मराठीत सांग. शाळा बदलायची की नाही ते नंतर बघ, पण रोज धडा वाचून झाला की काय झालं ते मराठीत विचार, आणि मग स्वतःच्या मनाचं एक वाक्य इंग्रजीत. चुकलं तरी हसायचं नाही, बायकोलाही सांग.

"आणि युनिट टेस्टला हे विचारणार का?" पक्या.

"नाही विचारणार," मनी म्हणाली.

"मग मी क्लासमध्ये दहा मिनिटं पोरांना नुसतं बोलायला लावलं तर पालकांना काय सांगू? पोर्शन राहिला म्हणून?"

"पालक हा काय बसलाय, विचार."

संत्या म्हणाला, "मी फी देईन. पण हसलेलं चालणार नाही."

पक्याने नववीच्या बॅचला सुरू करून बघतो म्हटलंय, टाइमटेबल मनी देणार आहे.