आधी जमीन सांगा, मग भाडं विचारा

काल सकाळी एका ताईंचा फोन आला. मुलीचा पाचवा वाढदिवस, रविवारी संध्याकाळी. "दादा, मिकी माऊसचं भाडं किती?" म्हणजे पोरांनी उड्या मारायची ती हवेची गादी. मी विचारलं, "ताई, लावायचा कुठं? खाली जमीन कसली आहे?" त्या जरा गोंधळल्या. "जमीन म्हणजे? अपार्टमेंटचं पार्किंग आहे, पेव्हर ब्लॉक आहेत." मी म्हटलं, "पेव्हरवर मेख चालत नाही. सहा ठिकाणी वजनं ठेवावी लागतील. त्याची टेम्पोची खेप वेगळी आणि दोन माणसं जादा. बाराशे रुपये वाढतील." "कळवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळी कळलं, दुसरीकडं निम्म्या पैशात ठरलं. तो माणूस पेव्हरवर काय आणि कसं बांधणार, हे त्यांनी विचारलं नसणार आणि त्यानंही सांगितलं नसणार.

ऑर्डर गेली त्याचं काही नाही. पण ताईंना मी फोनवर जे समजावून सांगायला पाहिजे होतं ते राहून गेलं, ते डोक्यातून जाईना. म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, पण घरात लहान पोरं असतील तर वाचा.

आमचा मांडव-डेकोरेशनचा धंदा वडिलांपासूनचा. पोरांच्या उड्या मारायच्या हवेच्या गाद्या, ज्याला आपल्याकडं सगळे मिकी माऊसच म्हणतात मग त्यावर हत्ती असो नाहीतर किल्ला, त्या आम्ही 2011 पासून भाड्यानं देतो. त्यातली पहिली सहा वर्षं मी त्या चुकीच्या बांधत होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

2017 चा मे महिना. उपनगरातला एक प्लॉट, नुकताच मुरूम टाकून सपाट केलेला. रोलर फिरवलेला दिसत होता, म्हणून मी पक्का समजलो. चार कोपऱ्यांना चार मेखा मारल्या, हवा भरायचा ब्लोअर लावला आणि एका पोराला देखरेखीला ठेवून मी दुसऱ्या साईटवर गेलो. चार वाजता आभाळ स्वच्छ. साडेपाचला पश्चिमेकडनं वळीव चढला. पाऊस यायच्या आधी वारा आला, तो नेहमी आधीच येतो. एक कोपरा हातभर उचलला, गादी तिरकी झाली आणि आतली सहा वर्षांची एक पोरगी बाहेर मुरमावर पडली. कोपरात हाड मोडलं. आमचा पोरगा आणि तिथल्या दोन बायका मिळून गादीवर आडव्या पडल्या म्हणून बाकीच्या सात पोरांना काही झालं नाही.

मी पोचलो तेव्हा ती मेख दोरासकट गादीशेजारी पडली होती. उचलून बघितली. वाकलेली नाही, ओरखडा नाही, माती चिकटलेली नाही. भुशातनं काडी निघावी तशी निघून आली होती. घरी येऊन मोजली. 10 एमएमची सळी, लांबी 9 इंच. आमच्या शेडमध्ये तसल्या चाळीस पडल्या होत्या, उरल्यासुरल्या सळया तोडून केलेल्या. मांडवाचे पडदे ताणायच्या त्या मेखा, त्याच मी पोरांच्या जिवाला लावत होतो. त्या पोरीचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मी हे शिकायला बसलो. युरोपात या गाद्यांसाठी ईएन 14960 नावाचं मानक आहे. ब्रिटनमधल्या नियमांत सरळ आकडे दिलेत: बांधायच्या जागा कमीत कमी सहा. मेख 380 मिलिमीटर लांब, म्हणजे 15 इंच, आणि 16 एमएम जाड. डोकं गोल, म्हणजे पोर पडलं तरी लागू नये. आणि जिथं मेख मारता येत नाही तिथं प्रत्येक जागी कमीत कमी 163 किलो वजन. प्रत्येक जागी, सगळी मिळून नव्हे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक असेल. आम्ही दोन-दोन वाळूची पोती ठेवून समाधान मानत होतो.

एवढं वजन कशाला, तर ही गादी उभी केली की ती खेळणं राहत नाही, जहाजाचं शीड होते. ताशी 38 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 7 किलोचा दाब देतो. 15 फूट रुंद आणि 12 फूट उंच भिंत म्हणजे जवळजवळ 17 चौरस मीटर, म्हणजे शंभरावर किलोचा रेटा. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तेवढ्याच भिंतीवर साडेचारशेवर किलो. त्यात एकदा कोपरा उचलला की वारा खाली शिरतो आणि सगळा तळ पंखासारखा धरतो. मग ती चार माणसांनी उचलायची गुंडाळी आहे की दहा माणसांनी, याला काही किंमत राहत नाही. "पोरं आत असली की वजन पडतंय की," असं मला अजून लोक सांगतात. पोरं उड्या मारतायत हो. ज्या क्षणी वारा येतो त्या क्षणी निम्मी पोरं हवेत असतात.

आता जमीन. कोल्हापुरात एका शहरात किती प्रकारच्या जमिनी आहेत हे आम्हा मांडववाल्यांना हातानं कळतं, घणाच्या आवाजावरनं कळतं. नदीकडच्या अंगाला, कसबा बावड्याकडं, काळी माती. ही सगळ्यात फसवी. उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण भेगाळलेली असते. मेख भेगेजवळ गेली की अख्खा ढेकूळच सुटून येतो. पाऊस पडला की हीच माती लोण्यासारखी होते आणि सकाळी घट्ट बसलेली मेख संध्याकाळी बोटानं हलते. काळ्या मातीत मी आता 15 इंचीसुद्धा वापरत नाही, दोन फुटी वापरतो आणि पाऊस पडून गेला की प्रत्येक मेख पुन्हा बघतो.

भरावाचा मुरूम म्हणजे माझी 2017 ची चूक. नवीन प्लॉट, नवीन ले-आउट, सगळीकडं हाच. दोन पावसाळे खाल्लेला भराव आणि गेल्या महिन्यात टाकलेला भराव वरून सारखाच दिसतो. पहार मारून बघायची. पहिल्या दोन ठोक्यांत फूटभर गेली तर तिथं मेखेवर विसंबायचं नाही, वजनं आणायची. याच्या उलट कातळ. पाचगावच्या वरच्या अंगाला चार इंचावर खडक लागतो, पन्हाळ्यावर जांभा. तिथं मेख अर्धी जाते आणि आमची पोरं उरलेल्या अर्ध्या मेखेला वर दोर बांधून मोकळी होतात. हे सगळ्यात वाईट. दोर जेवढा वर, तेवढी मेख उपटायला ताकद कमी लागते. पहारीनं दगड उचकटताना आपण हेच करतो की. मेख पूर्ण आत जात नसेल तर ती मेख नाहीच असं समजायचं.

लॉनवाल्या कार्यालयांचं वेगळं. हिरवळ छान, पण तिच्याखाली आणून टाकलेली लाल माती अर्धा फूट आणि त्याखाली काय ते मालकालाच ठाऊक. शिवाय पाण्याचे पाईप आणि लाईटच्या केबली. एकदा आमच्या माणसाची मेख केबलला दोन बोटांवरनं गेली. तेव्हापासून लॉनचा माळी समोर उभा राहून "इथं मारा" म्हणाल्याशिवाय घण उचलायचा नाही, असा आमचा नियम आहे.

आणि पेव्हर, काँक्रीट, डांबरी गल्ली. पेव्हरच्या सांध्यात मेख ठोकून देणारे लोक आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय. पेव्हरखाली कचेचा, म्हणजे दगडाच्या चुऱ्याचा थर असतो, सिमेंट नसतं. मेख ब्लॉकसकट वर येते. मग तो ब्लॉक दोराच्या टोकाला बांधलेला दगड होतो, विचार करा. इथं वजनच. वाळू भरलेलं सिमेंटचं पोतं साधारण 50 किलोचं, म्हणजे एका जागेला चार, सहा जागांना चोवीस पोती. 200 लिटरचा ड्रम काठोकाठ भरला तर एका जागेला पुरतो, पण अर्धा भरलेला चालत नाही आणि दोर ड्रमच्या गळ्याला बांधला तर ड्रम आडवा होतो, बुंध्याला बांधायचा. मी शेवटी काँक्रीटचे ठोकळे ओतून घेतले, तिन्ही बाजूंनी 17 इंची, वर कडी बसवलेली. एकेक दोनशे किलोच्या आसपास भरतो. उद्यमनगरातल्या ज्या दुकानात ढकलगाडी आणि 16 एमएमच्या मेखा करून घेतल्या, त्यांनी विचारलं, "काय मांडव बांधताय का पूल?" मी कारण सांगितलं. त्यांनी प्रत्येक मेखेच्या डोक्यावर कडी वेल्डिंग करून कड ग्राइंडरनं गोल करून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांनाही नातवंडं आहेत.

मांडवाच्या खांबाला, शाळेच्या गेटला, उभ्या मोटारसायकलला कुणी दोर बांधत असेल तर थांबवा. मांडव स्वतःच एक शीड आहे. दोन शिडं एकमेकांना बांधून कुणी तरणार नाही. आणि गच्चीवर, कितीही वजन ठेवतो म्हणालं कुणी तरी, नको. मी गच्चीची ऑर्डर घेत नाही.

मेख कशी मारायची हे मला पुस्तकानं नाही, वडिलांनी शिकवलं. त्यांचा हात जमिनीला समांतर धरून ते सांगायचे, मेखेचं डोकं गादीपासून बाहेरच्या अंगाला झुकलेलं पाहिजे आणि दोर जमिनीशी तिरका पाहिजे, ना उभा ना आडवा. पुढं मी वाचलं तर तिथं 30 ते 45 अंश लिहिलं होतं. वडील सातवीपर्यंत शिकलेले.

आता यातली जी गोष्ट ऐकायला कुणालाच आवडत नाही ती. नीट बांधलं म्हणजे झालं असं नाही. 16 डिसेंबर 2021 ला ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट गावी, प्राथमिक शाळेच्या मैदानावर वर्ष संपल्याचा कार्यक्रम चालू होता. वावटळ आली, गादी उचलली गेली आणि सहा मुलं गेली. आठ जागा असताना चारच मेखा मारल्या होत्या यावरनं खटला चालला. 2025 मध्ये न्यायालयानं चालकाला दोषी धरलं नाही, कारण ती वावटळ कुणाला आधी कळण्यासारखी नव्हती आणि जास्त काळजी घेतली असती तरी तिच्यापुढं फरक पडला नसता. त्याच्या आधी 2016 मध्ये इंग्लंडात हार्लोला जत्रेतली गादी वाऱ्यानं गेली, सात वर्षांची मुलगी गेली. तिथं मात्र 2018 मध्ये दोघांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. बांधणी नीट नव्हती आणि हवामानाकडं लक्ष दिलं नव्हतं म्हणून. मी दोन्ही प्रकरणं अनेकदा वाचलीत. निकाल वेगवेगळे लागले, पण दोन्हीकडं वारा आला तेव्हा मुलं आत होती.

आपल्याकडं वावटळ म्हणजे काही परदेशी गोष्ट नाही. मार्च ते मे, दुपारी तापलेल्या मोकळ्या मैदानावर धुळीचा भोवरा फिरताना लहानपणापासून बघतोय आपण. कोल्हापुरातल्या मेरी वेदरवर, तपोवनावर, गांधी मैदानात. वळवाचा वाराही तसाच, ढगातनं गार जड हवा खाली आपटते आणि जमिनीवर पसरत पावसाच्या आधी येऊन पोचते. तेवढ्या मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. ठरलेली मर्यादा ताशी 38 किलोमीटरची आहे, त्यापुढं गादी चालू ठेवायचीच नाही. वेग मोजायचं हातात मावणारं यंत्र मिळतं, आम्ही घेतलंय. पण ते नसलं तरी धूळ आणि कागद उडायला लागले की वारा 20 च्या पुढं गेलाय, आणि लहान झाडं डोलायला लागली की मर्यादा जवळ आली. मी झाडं डोलायची वाट बघत नाही. धूळ उठली की शिट्टी, पोरं बाहेर, मग ब्लोअर बंद. हाच क्रम. आधी ब्लोअर बंद केला तर पोरं आत अडकतात. लाईट गेली तरी तेच, पहिल्यांदा पोरं.

यावर आयोजक चिडतात. "पाच मिनिटं वारा आला आणि लगेच बंद?" एका तरुण मंडळाच्या कार्यक्रमात एकजण मला म्हणाला, "मालक, तासाचे पैसे दिलेत." मी तासाचे पैसे परत दिले. मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, गणपतीत गल्लीत गादी लावायची असेल तर एक शहाणा माणूस नुसता तिच्याजवळ उभा करा, ज्याच्या हातात मोबाईल नाही आणि ज्याला बंद करायचा अधिकार आहे. त्याच्या शब्दावर अध्यक्षांनीही बोलायचं नाही.

आणि भाड्यानं देणाऱ्या माझ्या भावांनो, मला ठाऊक आहे, वजनाची खेप धरली की गिऱ्हाईक पळतं. माझंही काल पळालं. पण आपण सगळ्यांनीच पहिल्या फोनला जमीन विचारायला सुरुवात केली तर ते पळून जाणार कुठं? ठोकळे एकदा ओतले की वर्षानुवर्षं पुरतात. कुणाला साचा पाहिजे असेल तर माझा घेऊन जा, भाडं नको.

आई-वडिलांनी एवढंच करायचं. पोर चपला काढत असेल तेव्हा गादीभोवती एक फेरी मारा. सहा जागा मोजा. प्रत्येक दोर हातानं जोर लावून ओढा. एकही ढिला लागला, मेख हलली, नुसती दोन पोती दिसली, तर पोराला चपला पुन्हा घालायला सांगा. रडेल थोडं. आकाशपाळण्याकडं घेऊन जा.