कॉमेडीला लिहायचं काय असतं म्हणे!

आज ऐरोलीला ऑफिसात डबा खाताना एकजण अगदी सहज बोलून गेला, "अगं कॉमेडीला लिहायचं काय असतं, चांगला नट घ्यायचा, सेटवर तो करतो बरोबर." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा काही सुचलंच नाही, सगळं सुचलं ते ट्रेनमध्ये, लोंबकळताना, म्हणून इथे ओकतेय.

आमच्या कोपरखैरण्याच्या जुन्या सोसायटीत गणपतीत गच्चीवर पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. एका वर्षी 'अशी ही बनवाबनवी' लावला आणि मध्येच आवाज गेला. केबलवाला वायरी काढतोय, घालतोय, चित्र आपलं चालूच, आणि एक माणूस जागचा उठेना. बी विंगच्या काकूंनी घरमालकीण लीलाबाई काळभोरचे डायलॉग घेतले, पोरांनी उरलेले वाटून घेतले. आणि आमचे बाबा, ज्यांना आयुष्यात एक जोक धड सांगता आलेला नाही, शेवट आधी सांगून मोकळे होतात, त्यांनी "सत्तर रुपये वारले" टाकलं आणि गच्ची फुटली. आवाज कसा, तर पोस्टाच्या रांगेतल्या माणसाचा. तरी हसली ना लोकं? मग ते कोणाचं होतं, बाबांचं?

वसंत सबनीसांचं होतं. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस, 'सोंगाड्या' लिहिणारा माणूस. आत्ता दहा जणांना विचारा 'बनवाबनवी' कोणी लिहिला, नऊ जण सचिन नाहीतर अशोक सराफ म्हणतील. अशोकमामांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मीच स्टेटस ठेवलेलं, तो माणूस ग्रेटच आहे, टायमिंग लागतंच, मान्य. पण टायमिंग कशाचं? हातात वाक्य तर पाहिजे!

आणि नुसती वाक्यं पण नाहीत हो. लक्ष्या आणि सचिन त्यात साडी का नेसतात? कारण पुण्यात खोली मिळत नाही आणि घरमालकीणबाईंना जोडपीच हवीत. एवढं घट्ट कारण आहे, म्हणून दोन तास पदर सावरताना मजा येते. हल्ली आधी साडी नेसवतात, कारण नंतर बघू, नाही मिळालं तरी चालेल. जाड माणूस पडला, ढॅण्ण. काळ्या रंगावर एक, बायकोवर चार. मध्येच रीलवरचं काहीतरी घुसवलेलं, जे आपण टॉयलेटमध्ये बसून आधीच बघितलंय. आणि याचे आम्ही मल्टिप्लेक्सला पैसे मोजायचे, वर पॉपकॉर्न!

हो, माहितीये, 'बनवाबनवी'चं मूळ १९६६ चा 'बीवी और मकान'. 'हेरा फेरी' पण मल्याळमवरून. कॉमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. गोष्ट उचलली असेल, पण 'बनवाबनवी'तला तो घरमालक सरपोतदार मराठीत नव्याने बोलता करावा लागला ना? तिकडे हिंदीत 'हेरा फेरी'तल्या घरमालक बाबुरावला लेखक नीरज व्होरांनी बोलतं केलं. आणि गंमत बघा, दोन्हीकडे भानगड कशाची, तर भाड्याची. एकात खोली मिळत नाही, दुसऱ्यात भाडं थकलंय.

अरे मग आमच्या इथे काय कमी आहे का? घणसोलीत, खारघरमध्ये आजही बॅचलर म्हटलं की ब्रोकरचा चेहरा पडतो. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी, आणि सेक्रेटरी विचारणार, "मुली येणार का घरी?" आख्खा पिक्चर पडलाय रस्त्यावर, कोणी उचलेना. आपली पात्रं मात्र लंडनला जाऊन पाय घसरून पडतायत.

कधीकधी वाटतं जाऊ दे, लिहिणाऱ्याला तरी कुठे वेळ देतात, पैसे तर विचारूच नका. पंधरा दिवसांत स्क्रिप्ट मागितली तर तो तरी काय करणार बिचारा. त्याच्यावर राग नाहीये माझा, खरंच नाहीये. बाबांना मी परवा विचारलं, त्या रात्री गच्चीवर काय बोलला होतात आठवतं का, तर त्यांना पूर्ण सीन पाठ! स्वतःच्या बँकेचा पिन आठवत नाही त्यांना.

बरं, एक काम करा. गेल्या काही वर्षांतला एक मराठी कॉमेडी पिक्चर सांगा ज्याचा लेखक गुगल न करता सांगता येईल. नटांची नावं लिहिलीत तर डिलीट करेन.